घरचा भाव

...नाही, मला एक सांगा, चाकाला दोन हजार डॉलर? अहो, चाकाला! अख्खी सायकल नव्हे, नुसतं मागचं चाक, पुढचं वेगळं, आणि ते करतं काय तर फिरतं! फिरणारच ना, चाक आहे ते! माझी आई ज्या सायकलवरून पाव आणायला जायची तिचंही चाक फिरायचं, तीस वर्षं फिरलं, मध्ये एकदा कुत्रं आडवं आलं तेवढंच. पण हे चाक म्हणे हवा कापतं. कशाला कापायची? हवेनं कुणाचं काय वाकडं केलंय? आमच्या बसल्टनला, ऑस्ट्रेलियाच्या या पश्चिम किनाऱ्यावर, दुपारी समुद्रावरून जो वारा सुटतो तो कापायला मी दोन्ही चाकांचे मिळून तीन हजार आठशे मोजले, आणि वारा आपला पहिल्यासारखाच येतोय, थोबाडावर!

आणि हे सगळं कुणामुळे? रॉसमुळे.

रॉस म्हणजे आमच्याच गल्लीतला, माझ्या घरापासून तिसरं घर, धंद्यानं इलेक्ट्रिशियन, कान मोठे, हसला की कान आधी हलायचे आणि मग तोंड. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी शाळेची बस चालवतो, सकाळी अडीच तास बूड टेकून, दुपारी अडीच तास बूड टेकून, आणि पोट असं पुढे आलं होतं की वळण घ्यायचं झालं तर आधी श्वास आत ओढावा लागायचा. पोरं मागून ओरडायची, "डेरिल, श्वास घे, वळण आलं!" तर एक दिवस हा रॉस कुंपणावर कोपरं टेकून उभा. म्हणाला, "डेरिल, उद्यापासून माझ्याबरोबर ये." मी म्हटलं, "बाबा रे, मला परवडायचं नाही तुमच्या क्लबाचं ते पोहा, सायकल मारा, मग धावा, ट्रायथलॉन का काय." तर म्हणतो कसा, "अरे, परवडायचं काय त्यात? धावायला काय लागतं? दोन पाय!"

दोन पाय! तुम्हाला सांगतो, पहिल्याच आठवड्यात त्या दोन पायांना बूट लागले. साधे नाहीत, तीनशे वीस डॉलरचे, तळव्यात कार्बनची पट्टी असलेले, का, तर पट्टी पाय पुढे ढकलते. मग मी काय करायचं? मी ढकलून घ्यायचं! मग पोहायचं, तर पोहायला अंगावरची कातडी पुरत नाही, रबरी सूट लागतो, आठशे डॉलर, तो चढवायला पंचवीस मिनिटं आणि एक बायको. मग घड्याळ, नऊशे. वेळ दाखवणं सोडून सगळं दाखवतं! झोप कशी लागली ते मला सकाळी मनगट सांगणार! मी म्हटलं, अरे, मीच झोपलो होतो ना? मग ती जेलची पाकिटं, चार डॉलरला एक, चव म्हणाल तर खोकल्याचं औषध, आणि शर्यतीत अशी सात खायची. आणि शर्यतीची फी? सहाशे डॉलर, दहा महिने आधी, परत मिळणार नाही, दुसऱ्याला देता येणार नाही, तुम्ही मेलात तरी चालेल पण फी जगली पाहिजे! समुद्र आमचा, रस्ता आमचा, पाय आमचे, घाम आमचा, आणि सहाशे डॉलर त्यांचे. मी रॉसला म्हटलं, "लेका, दोन पाय म्हणाला होतास ना?" तर कान हलले. "आहेत ना दोन? मग!"

आता तुम्ही विचाराल, बसच्या पगारात हे जमतं कसं. जमत नाही. म्हणून तर घरचा भाव!

घरचा भाव माहीत नाही? आमच्या क्लबात प्रत्येक वस्तूला दोन भाव. एक दुकानचा, एक घरचा. दुकानच्या भावातलं शेवटचं शून्य पुसलं की घरचा भाव तयार. नऊशेचं घड्याळ घरी नव्वदचं. आठशेचा सूट घरी ऐंशीचा, तोही "जुना घेतला गं, कुणीतरी खेळ सोडला." तीन हजार आठशेची चाकं घरी तीनशे ऐंशी. कुणी शोधून काढलं, कधीपासून चालू आहे, देव जाणे, पण नवा माणूस क्लबात आला की पहिल्या दिवशी पोहणं शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी हे. आणि माल घरी मागवायचा नाही, तो रॉसच्या शेडमध्ये. शेड घराच्या मागे, रॉस इलेक्ट्रिशियन, त्याच्याकडे खोकी येणारच, कुणाला संशय? अकरा माणसांचा माल त्या एका शेडमध्ये उतरायचा. मग रविवारी एकेक जण "रॉसकडे जरा पाना आणायला जातो" म्हणून जायचा, आणि चाक घेऊन यायचा. माझी ट्रूडी बेकरीत काउंटरवर असते, एक सेंट इकडचा तिकडे झाला तर संध्याकाळपर्यंत जेवत नाही अशी बाई, आणि तिच्या नाकासमोरून मी चाकं घेऊन गेलो. "कितीला?" "तीनशे ऐंशी." "हं," म्हणाली. नुसतं "हं"! मी म्हटलं, जिंकलो.

आणि रॉसची स्वतःची सायकल... हा हा! चौदा हजार. काळी, मुकी, तलवारीसारखी. म्हणजे मुकी पायडल मारत असेपर्यंत. पाय थांबले की मागचं चाक बोलायला लागायचं, टर्रर्रर्र, असं खणखणीत की गल्लीतली कुत्री उठून बसायची. रोज संध्याकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी तो पायडल सोडायचा आणि टर्रर्रर्र करत थेट फाटकापर्यंत. ते ऐकून मी घड्याळ लावायचो, म्हणजे नऊशेचं असूनही! तर या सायकलचा घरचा भाव, चौदाशे. जनेलला, म्हणजे रॉसच्या बायकोला, त्यानं माझ्यादेखत सांगितला. "चौदाशे, जनू." कान लालभडक.

मग मार्चमध्ये रॉस गेला. मंगळवार होता. शेडमध्ये टायरात हवा भरत होता. जनेल आमच्या दारात आली, म्हणाली, "डेरिल, जरा येतोस का." तेवढंच म्हणाली. पंप तसाच चाकाला लावलेला होता, काटा नव्वदवर. तो नेहमी शंभर भरायचा.

असो.

ईस्टरनंतर जनेलनं शेड आवरायला काढली. आम्ही क्लबातले चौघे मदतीला गेलो, मी, लायल आणि आणखी दोघे, आणि सगळ्यांचे डोळे एकच शोधतायत, की आमची न उचललेली खोकी तिथे आहेत का! नव्हती. सुटलो. तेवढ्यात जनेल ती सायकल ढकलत बाहेर आली. म्हणते, "डेरिल, तू घेतोस का ही? चौदाशेची होती ना रे? पण दांड्यावर ओरखडा आहे. तू बाराशे दे."

बाराशे! मला विचारा माझं काय झालं! माझं तोंड उघडलं, मी "जनेल" एवढं म्हटलं, आणि माझ्या पायावर लायलचा पाय पडला. लायल म्हणजे एकशे दोन किलो. मला बाजूला ओढून कानात कुजबुज सुरू, "तू वेडा आहेस का? तू हिला खरा भाव सांगणार. ही ट्रूडीला सांगणार. ट्रूडी बेकरीत. बेकरीत अख्खं गाव पावाला येतं. दुपारी बारापर्यंत अकरा घरांत अकरा बायका एकेक शून्य वाढवत बसतील! माझ्याकडे सहा वस्तू आहेत, डेरिल! सहा शून्यं!" मी म्हटलं, "अरे, पण ती विधवा बाई आहे, बारा हजार आठशेला बुडतेय!" तर हा लायल, कधी दोन शहाणी वाक्यं न बोललेला माणूस, म्हणतो, "आणि रॉस? गेलेल्या माणसाला आता खोटं पाडणार तू? त्याच्या बायकोसमोर?"

आता बोला! सांगावं तर रॉस खोटा, न सांगावं तर मी चोर. मी बाराशे डॉलर मोजून दिले. तिनं न मोजता घेतले. आणि मी सायकल घेऊन निघालो, फाटकाबाहेर आलो, पाय थांबवले, आणि टर्रर्रर्र... तुम्हाला सांगतो, मला वाटलं सायकल ओरडतेय, चोर, चोर, चोर, चोर!

त्या दिवसापासून मी जनेलच्या घरावरून गेलो नाही. मागच्या रस्त्यानं, ओढ्याच्या कडेनं, दोन किलोमीटरचा वळसा, पावसाळी चिखलात, चौदा हजारांची सायकल खांद्यावर! कधी गल्लीतून जावंच लागलं तर पाय थांबवायचे नाहीत, पायडल मारत राहायचं, म्हणजे चाक गप्प बसतं. एकदा समोर कचऱ्याची गाडी आली तरी मी पायडल थांबवलं नाही, तिला वळसा घालून शेजाऱ्याच्या गुलाबात गेलो. झोप उडाली. घड्याळ रोज सकाळी सांगायचं, "झोप: वाईट." अरे, मला माहीत आहे! नऊशे डॉलर कशाला घेतोस हे सांगायला? धावायला काय लागतं म्हणे, दोन पाय. अहो, धावायला निर्ढावलेलं मन लागतं, ते कुठल्या दुकानात मिळतं?

असे सहा महिने गेले. ऑक्टोबर आला, आमची जेटीची शर्यत आली. दोन किलोमीटर पोहणं, नव्वद सायकल, एकवीस धावणं. सकाळी सायकली लावायच्या आवारात मी रॉसची सायकल टांगतोय, आणि शेजारी कोण? रेनिक. हा पर्थहून नुकताच आलेला दातांचा डॉक्टर. माणूस वाईट नाही, पण त्याच्या आयुष्यात घरचा भावच नाही! एकटा राहतो, भाव विचारणारं कुणी नाही, म्हणून दुकानचा भाव मोठ्यानं बोलतो, सगळ्या गोष्टींचा! "हेल्मेट, साडेसहाशे. सोनेरी रंगाचे पन्नास जास्त." नमस्कार म्हणावं तसं. त्यानं माझी सायकल पाहिली आणि ओरडला, "आयला! ही? ही तर चौदा हजारांची!"

मी खोकलो. पंधरा पावलांवर जनेल उभी होती. स्वयंसेवक म्हणून आली होती, लोकांच्या दंडांवर नंबर लिहीत होती. मी आणखी मोठ्यानं खोकलो.

"बस चालवून चौदा हजार?" रेनिक म्हणाला. "कुणाला लुटलंस, दोस्ता?"

"जुनी घेतली," मी म्हटलं.

"कुणाकडून?"

आणि मी... मी म्हणजे काय सांगावं, मला खोटं एकाच विषयात बोलता येतं, भावाच्या, बाकी ठिकाणी तोंडातून खरं निसटतं. "त्या तिकडे उभ्या आहेत ना, त्यांच्या नवऱ्याची."

"अच्छा! मग त्यांच्याकडे आणखी काही असेल. शेवटाला गाठतो त्यांना. कितीला घेतलीस म्हणालास?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. मी पळालो, रबरी सूट अर्धा चढलेला, तसाच.

आता परिस्थिती लक्षात घ्या. शर्यत संपली की जनेल शेवटच्या कमानीपाशी कलिंगडाच्या फोडी वाटणार, दरवर्षी वाटते. रेनिक दरवर्षी म्हणण्याइतका जुना नाही, पण आजवरच्या तिन्ही शर्यतींत माझ्याआधी बारा मिनिटं पोचलाय. बारा मिनिटं! बारा मिनिटांत तो तिला चौदा हजार सांगणार, ती बाराशे सांगणार, तो हसणार, आणि मी पोचेन तेव्हा कमानीखाली माझी कोण वाट बघत असेल? म्हणजे काहीही करून मला त्याच्याआधी पोचायचं. पोचून काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. सांगायचं? की तिला उचलून लांब न्यायचं? पण आधी पोचायचं!

भोंगा वाजला. पोहण्याचं विचारू नका. जेटीच्या खांबांच्या कडेनं चारशे माणसं, कुणाचा पाय माझ्या दातांत, कुणाचं कोपर माझ्या चष्म्यात, दोन जेलीफिश तर मी गिळल्याच असतील, फुकट मिळालेली तेवढीच वस्तू. बाहेर आलो तर रेनिकची सायकल गेलेली! मी सूट ओरबाडला, आठशे डॉलरच्या सुटाचा पाय टर्रकन फाटला, घरच्या भावानं दहा डॉलरचं नुकसान म्हणू या, आणि सायकलवर उडी मारली.

आणि मग त्या सायकलनं जे केलं! नव्वद किलोमीटर, वारा समोरून, मी खाली वाकलेलो, आणि ती नुसती जायला बघतेय. पंचावन्नाव्या किलोमीटरला मोठ्या झाडांखाली मला रेनिकचं सोनेरी हेल्मेट दिसलं, आणि ते हेल्मेट आणखी एकाला दिसलं. मॅगपायला! ऑक्टोबरात या पक्ष्यांची पिल्लं घरट्यात असतात, खालून जाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतात. आम्ही इथले लोक हेल्मेटावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचतो, काट्यांसारख्या, दोन सेंटला एक. रॉसनं दिलेल्या होत्या, वायरी बांधायच्या, त्याच्या धंद्यातल्या. रेनिकला कोण सांगणार? साडेसहाशेच्या सोन्यावर चोच बसली ती खट्ट! खट्ट! रेनिक "अरे! अरे! अरे!" करत रस्ताभर नागमोडी, आणि मी डोक्यावर साळिंदर घेऊन त्याच्या बाजूनं सुसाट! मला आनंद झाला असं म्हणणार नाही. पण झाला.

मग धावणं. धावायला काय लागतं? दोन पाय. त्यातल्या डाव्याला सतराव्या किलोमीटरला गोळा आला. असा गोळा, की पोटरीत कुणी पाना घालून फिरवतंय. मागे बघतो तर रेनिक. दोनशे मीटर. मग दीडशे. छातीत घण पडतायत, घड्याळ कोकलतंय, "विश्रांती घ्या, विश्रांती घ्या," आणि मला एकच दिसतंय, जनेलचा चेहरा, आणि ती म्हणतेय, "तूसुद्धा, डेरिल?" शंभर मीटर. किनाऱ्यावरची हिरवळ लागली. सॉसेज भाजल्याचा वास. तिथे आमची ट्रूडी चिमटा घेऊन उभी, "डेरिल? इतक्या लवकर? बरा आहेस ना?" बरा! मागे त्याच्या चारशे वीस डॉलरच्या बुटांचा आवाज, चप, चप, चप, पन्नास मीटर, तीस, मी डोळे मिटले, आणि कमान.

जिंकलो. चार सेकंदांनी. आणि समोर जनेल, हातात कलिंगडाचं ताट, आणि माझ्या छातीत श्वास नाही! तोंड उघडतोय, शब्द नाही. मासा! निव्वळ मासा! आणि चार सेकंद म्हणजे किती? एक, दोन, तीन... रेनिक आला. धापही नाही लागलेली त्याला. सरळ तिच्याकडे वळला. "अहो बाई," म्हणाला, "तुमच्या..."

"चौदा हजार!" मी ओरडलो.

सगळे वळले.

"जनेल, सायकल... चौदाशे नव्हे... चौदा हजार... मला माहीत होतं... रॉसनं तुला... मी तुला लुबाडलं..."

रेनिकनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "...ताटातली एक फोड घेऊ का?"

कलिंगड! त्याला कलिंगड हवं होतं! सायकलबियकल तो कधीच विसरला होता, मॅगपायनं डोक्यातून सगळं काढलं होतं! आणि मी एकवीस किलोमीटर...

जनेलनं त्याला फोड दिली. त्याला लांब जाऊ दिलं. मग ताट खाली ठेवून माझ्यासमोर गवतावर बसली.

"चौदा हजार दोनशे पन्नास," म्हणाली. "पाठवणावळ धरून."

"तुला माहीत होतं?" मी म्हटलं.

"पार्सलवर सही कोण करायचं, डेरिल? रॉस दिवसभर लोकांच्या माळ्यावर वायरी ओढत असायचा. कुरियरवाला दार कुणाचं वाजवणार? आणि बिल खोक्यावरच चिकटवलेलं असतं रे, बाहेरच्या बाजूला, पारदर्शक पाकिटात."

अकरा माणसं! त्यांतला एक वकील! पाच वर्षं! आणि सही कोण करतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही!

"मग... त्याला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खोटं बोलायचं सोडलं असतं त्यानं." तिनं गवताची एक काडी तोडली. "खोटं बोलताना त्याचे कान कसे व्हायचे, आठवतं ना?"

आठवत होतं.

"मग मला बाराशेला का दिलीस? कुणीही दहा हजार दिले असते. मी देतो, जनेल, बसखाली झोपेन पण हप्त्याहप्त्यानं देतो."

"दहा हजारवाला ती पर्थला घेऊन गेला असता," ती म्हणाली. "तू आमच्या गल्लीतला. मला वाटलं, रोज साडेसहाला एकदा तरी तो आवाज येईल. तेवढ्यासाठी दिली." आणि मग तिनं माझ्या दंडावर असा गुद्दा घातला, तिनंच लिहिलेल्या नंबरावर, "आणि तू, गाढवा, सहा महिने ओढ्यावरून जातोस!"

घोटभर पाणी प्यायलो. ते खारट लागलं, समुद्राचं असेल.

तर असा मी तिथे पडलेला, छातीवरून दगड उतरलेला, आतून धुऊन निघालेला, आणि डोक्यावर सावली पडली. ट्रूडी. चिमटा तसाच हातात. सगळं ऐकलेलं.

"जनेलला सांगायला सहा महिने लागले तुला," ती म्हणाली. शांत. फार शांत. "बरं झालं सांगितलंस. आणि तुझी ती काळी चाकं, जुन्या सायकलची, शेडमध्ये आहेत ती. ती कितीची होती रे?"

आता बघा हं. याहून चांगली संधी माणसाला मिळते का? नुकतंच खरं बोललोय, तोंडात चव ताजी आहे, जनेल समोर बसून मान हलवतेय, बोल, बोल. मी तोंड उघडलं. आणि तोंड म्हणालं,

"तीनशे ऐंशी."

कोण बोललं? मी नाही! शपथेवर सांगतो, मी नाही, ही सहा वर्षांची सवय, जिभेवर बसलेली! जनेलनं कपाळाला हात लावला. ट्रूडी म्हणाली, "हं."

तेच "हं"!

सोमवारी सकाळी बेकरीच्या काचेवर कागद. ट्रूडीचं सुबक अक्षर. "विकणे आहे. चाकं, तीनशे ऐंशी. घड्याळ, नव्वद. रबरी सूट, पाय फाटलेला, सत्तर." दहा डॉलर फाटल्याचे कमी, हिशेब चोख! मी धावलो. दारात रांग. सगळ्यांत पुढे रेनिक, टाळक्याला चिकटपट्टी, आणि मोठ्यानं, अख्ख्या बेकरीला ऐकू जाईल असा, "अहो, चूक झालीय! ही चाकं तर तीन हजार आठशेची!"

"असं?" ट्रूडी म्हणाली. "डेरिल, हे काय म्हणतात?"

आणि अख्खी रांग माझ्याकडे वळली. रांगेत लायलची बायको. वकिलाची बायको. आणखी चौघी. आणि त्यांच्या मागे लायल, एकशे दोन किलोचा माणूस, हात जोडून, ओठ हलतायत, आवाज नाही: सहा शून्यं, डेरिल, सहा शून्यं!

काय करणार? मी म्हटलं, "नाही नाही. तीनशे ऐंशीचीच ती."

"बघा," ट्रूडी रेनिकला म्हणाली, "त्याच्याच तोंडचा भाव आहे." आणि पैसे गल्ल्यात टाकले. मरायच्या आधी, अहो, धडधाकट जिवंत असताना, माझ्या डोळ्यांसमोर, माझा संसार मीच सांगितलेल्या भावानं गेला! घड्याळ लायलनं घेतलं. नव्वदला. वर मला म्हणतो, "उपकार झाले गड्या!"

रॉसची सायकल तेवढी यादीत नाही. तिला हात लावायचा नाही, असं दोघींचं ठरलंय म्हणे. रोज साडेसहाला कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी मी पायडल सोडतो, टर्रर्रर्र करत तिच्या फाटकापर्यंत जातो, गल्लीतली कुत्री उठून बसतात, स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडते. ते काम चोख चालू आहे.

बाकी विचाराल, तर रॉस खरंच बोलला होता हो. धावायला काय लागतं? दोन पाय. माझ्याकडे आता तेवढेच आहेत... आणि त्यांतल्या बुटांचं गिऱ्हाईक उद्या सकाळी सातला येतंय, बत्तीस डॉलरला.